फक्त ग्रामर बघा

“मॅडम, बाकी सगळं तयार आहे, फक्त ग्रामर बघा.” माझ्याकडे येणारे जवळपास सगळे डॉक्टर असंच म्हणतात. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं, काही वर्षं कॉलेजात शिकवलं आणि मग पुण्यात घरी बसून डॉक्टरांचे शोधनिबंध नि अनुदानाचे प्रस्ताव तपासायला लागले. नातेवाइकांच्या समजुतीप्रमाणे मी टायपिंग करते.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या फिजिशियननीही हेच वाक्य लिहून फाइल पाठवली होती. विषय मण्यारदंश. पहिली दोन पानं वाचली. सापांचं वर्गीकरण, मग जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं ते, मग 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं दगावली असावीत हा अंदाज. सगळं खरं, पण मुंबईत बसून कुणीही लिहिलं असतं असं. जो माणूस रात्री-अपरात्री उठून पेशंटच्या घशात नळी घालतो, तो त्या पानांत कुठे दिसेना.

मी फोन लावला. म्हटलं, “डॉक्टर, ग्रामर राहू दे. तुमच्याकडे येतो तो पेशंट कसा असतो, ते मराठीत सांगा.”

मग गडी वीस मिनिटं थांबला नाही. पावसाळ्याचे दिवस, माणूस जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो. दाताची खूण दिसत नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. घरचे म्हणतात, पित्त झालंय. जवळपास कुठे तरी ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन तो घरी परततो, आणि काही तासांत पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही, मग श्वास अडकायला लागतो. “म्हणून मॅडम, पहाटे पोट धरून आलेल्याला मी आधी विचारतो, रात्री झोपला होतास कुठे? आणि पापण्या बघतो.”

हे निबंधात कुठे होतं? शोधलं तेव्हा चौथ्या तक्त्यात सापडलं, ‘ॲब्डॉमिनल पेन’ अशी एक ओळ. बोलताना जी गोष्ट सगळ्यात आधी तोंडात येते, ती इंग्रजी लिहिताना तळाशी जाऊन बसते. माझं इंग्रजीशी भांडण नाही, पोट त्यावरच चालतं. पण हे इतक्यांदा पाहिलंय, की आता मसुदा उघडायच्या आधीच फोन करते. त्या दोन पानांचे आम्ही तीन परिच्छेद केले आणि तिसऱ्याचा शेवट पोटदुखीवर आणला.

बाकीची डागडुजी नेहमीचीच. ‘पी बरोबर 0.000’ जिथे तिथे. सॉफ्टवेअर तीनच दशांश स्थळं छापतं म्हणून शून्य दिसतं. शक्यता शून्य कधी नसते, तिथे ‘0.001 पेक्षा कमी’ लिहायचं. मोजक्या रुग्णांची टक्केवारी दोन दशांशांपर्यंत कशाला? एवढेच रुग्ण, हा काय अभ्यास, असा संकोच त्यांना होताच. त्यावर मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव काढलं. विंचूदंशावरचा त्यांचा अभ्यास 70 रुग्णांचा, आणि तो 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापला. “तो माझ्या ड्रॉवरमध्येच आहे,” डॉक्टर म्हणाले.

पुढल्या वर्षी त्यांनी अनुदानासाठी प्रस्ताव पाठवला: मण्यार अंथरुणात शिरू नये म्हणून पावसाळ्यात गावातली किती माणसं मच्छरदाणी लावून झोपतात, याचं सर्वेक्षण. तो मला न दाखवता गेला आणि दोन ओळींचं उत्तर घेऊन परत आला. घोळ नमुन्याच्या आकड्यात होता. आपल्याकडे प्रबंधांत एक सूत्र पिढ्यान् पिढ्या चालत आलंय: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग; पी म्हणजे अपेक्षित टक्के, क्यू म्हणजे शंभरातले उरलेले, एल म्हणजे चालवून घ्यायची चूक. वीस टक्के लोक मच्छरदाणी वापरतात असं धरलं आणि पाच टक्क्यांची निव्वळ चूक चालवून घेतली, तर 256 माणसं पुरतात. डॉक्टरांनी आकडा 256च दिला होता, पण मजकुरात चूक ‘सापेक्ष, दहा टक्के’ असं लिहिलं होतं. म्हणजे विसाचे दहा टक्के, दोन. तसं केलं की 1600 माणसं लागतात. एका शब्दानं सहापट गावं फिरायची पाळी! अंदाजपत्रकात लॅपटॉप होता, गाडीच्या डिझेलला मात्र एक रुपयाही नव्हता. दुसऱ्या खेपेला प्रस्ताव मंजूर झाला, थोडी कात्री लागून. लॅपटॉप गेला, डिझेल राहिलं.

सगळ्यांचंच असं निभत नाही. एकदा एक जण औषधाची चाचणी पूर्ण करून आले, नोंदणी न करता. 1 एप्रिल 2018 पासून आपल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. “भाषेनं काही झाकता येईल का?” त्यांनी विचारलं. नाही येत. त्यांचा चहा तसाच निवला.

मण्यारीचा निबंध स्वीकारला गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “तुमचं नाव तिसरं टाकतो.” मी नको म्हटलं. मी एकही पेशंट पाहिलेला नव्हता, आकडेमोड माझी नव्हती. नुसत्या भाषेच्या मदतीवर लेखक होता येत नाही, आभारात जागा मिळते. त्यांना ते पटेना. पेशंट न पाहिलेले एक वरिष्ठ यादीत आधीच होते, आणि तो मुद्दा त्यांनी मला हळूच ऐकवलाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटचं प्रूफ आलं, मुदत 48 तासांची. मी औषधांच्या मात्रा पाहिल्या, एककं पाहिली, तक्त्यांच्या बेरजा पुन्हा केल्या. आभाराच्या ओळीवरून मात्र संकोचानं नजर भर्रकन पुढे नेली. निबंध छापून आला, तेव्हा माझ्या आडनावातला ‘एच’ गळलेला होता.