कामाची घडी

कर्जतहून निघालेली आगगाडी बोरघाट चढू लागली, की मुले खिडकीशी गर्दी करतात. क्षणात काळोखा बोगदा, क्षणात उजेड आणि खोल दरी! आज गाडी हा घाट तासाभराच्या आत चढून जाते. परंतु तो चढण्याजोगा करण्यास माणसांना सात वर्षे लागली.

१८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावू लागली. पुढे पुण्याकडे जावयाचे, तर वाटेत सह्याद्री उभा होता. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आपल्या सहकाऱ्यांसह डोंगर पालथा घातला, उंची मोजली, आराखडे केले. सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेत लोहमार्गाला साडेपाचशे मीटरहून अधिक चढावयाचे होते आणि त्यासाठी २५ बोगदे खोदावयाचे होते. जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले.

काम मोठे बिकट होते. कड्याच्या तोंडाशी मजूर दोरांनी लोंबकळत, पहारीने खडकाला भोके पाडीत आणि त्यांत सुरुंगाची दारू ठासीत. पावसाळ्यात बहुतेक काम थांबे. पटकीची साथ आली, की माणसे भराभर मरत आणि उरलेली भयाने गाव गाठीत.

पण १८५९ च्या आरंभी काम अडले, ते खडकामुळे नव्हे. मजुरी देण्याचे काम पोटकंत्राटदारांकडे होते. ती वेळेवर मिळेना. मिळाली तरी पुरती मिळेना. ज्याच्या घरी चूल पेटावयाची, ती त्या दिवसाच्या दामांवर, त्याने धीर तरी किती धरावा? मजूर संतापले, दंगल उसळली. त्याच वर्षी मार्चमध्ये पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. नकाशे तेच होते, पहारी त्याच होत्या. परंतु माणसांचा विश्वास उडाला होता.

त्यानंतर हे काम सॉलोमन ट्रेडवेल यांनी पत्करले. ते इंग्लंडहून आले खरे. परंतु थोड्याच अवधीत आजारी पडून मरण पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल परक्या देशात एकट्या उरल्या. त्यांनी सर्व सोडून मायदेशाची वाट धरली असती, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी पतीचे कंत्राट स्वतः पुढे चालविण्याचे ठरविले. सगळेच आपण जाणतो, असा आव मात्र त्यांनी आणला नाही. ॲडमसन आणि क्लाउजर या दोन जाणत्या अभियंत्यांवर त्यांनी घाटातील कामाची व्यवस्था सोपविली.

काम पुन्हा मार्गी लागले. १८६१ साली घाटात ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. एवढी माणसे म्हणजे डोंगरात वसलेले एक शहरच! त्यांना पाणी हवे, धान्य हवे, हत्यारे हवीत आणि ठरल्या दिवशी दाम हवेत. यांतील एक गोष्ट चुकली, तरी शेकडो हात रिकामे राहतात. दुर्दैवाने बर्कले १८६२ मध्ये निवर्तले. पण आता कामाची घडी अशी बसली होती, की ते एका माणसावाचून खोळंबले नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातील मार्ग खुला झाला.

ही कथा येथेच संपती, तर गोड झाली असती. परंतु १८६७ च्या पावसाळ्यात घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. त्याचे बांधकाम सदोष असल्याचे आढळून आले. बाहेरून भक्कम दिसणाऱ्या भिंतीच्या पोटात काय भरले आहे, हे बांधतानाच पाहावे लागते. काम वेळेवर संपविणे जितके अगत्याचे, तितकेच ते निगुतीने करणेही अगत्याचे असते.

मोठ्या कामाला बुद्धी लागते, पैसा लागतो, यंत्रेही लागतात. पण ते अखेर उभे राहते माणसांच्या हातांनी. घाटात राबलेल्या आणि तेथेच मृत्यू पावलेल्या हजारो मजुरांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांना वेळेवर मजुरी देणे, त्यांच्या जिवाची काळजी वाहणे आणि त्यांच्या कामावर डोळस लक्ष ठेवणे, ही कामे लहान दिसतात. परंतु डोंगर फोडण्याचे खरे बळ त्यांतच असते.