राजापेठेतील निवडसमिती

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील बहुतेक गाड्या बडनेऱ्यास थांबून तशाच पुढे निघून जातात, आणि अमरावती एका लहानशा फाट्याच्या टोकाशी बाजूस राहून जाते. त्यामुळे ज्यास अमरावतीस यावयाचे तो मुद्दाम येतो. आमच्या मंडळींचे येणे अंबादेवीच्या दर्शनानिमित्त झाले. बरोबर वडीलधाऱ्यांत आत्याबाई होत्या व धाकट्यांत दोन पुतणे. बडनेऱ्याच्या सडकेने शहराकडे येताना राजकमल चौकाच्या अलीकडे जी गजबजलेली वस्ती लागते ती राजापेठ. तेथेच आमचा चार दिवसांचा मुक्काम होता. एका अंगास रेल्वेचे रूळ व त्यांवरील पूल, दुसऱ्या अंगास दुकानांची रांग, संत्र्यांच्या गाड्या, आणि संध्याकाळ झाली की जागोजागी कढईतून निघणारे आलुबोंडे, असे या पेठेचे रूप आहे. डोळे दिपतील असे येथे काही नाही. पण कान उघडे ठेवणाऱ्यास ही पेठ रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही.

आमच्या बिऱ्हाडाखालीच चहाचे एक दुकान होते. दिवेलागणीच्या सुमारास तेथे आठ-दहा मंडळी जमत. त्यांत एक सेवानिवृत्त तलाठी, एक शाळामास्तर, कापडाच्या दुकानातला एक तरुण, व व्यायामशिक्षकाची पदवी घेतलेला एक गृहस्थ, ही चौकडी कायमची. क्रिकेटच्या संघात कोणास घ्यावे, कोणास वगळावे, राखीव गड्यांत दम किती, आणि शिकविणारा गुरू कसा असावा, याची चर्चा ही मंडळी ज्या गांभीर्याने करीत, ते पाहून आम्ही त्यांना मनातल्या मनात निवडसमिती असेच नाव दिले. ज्या नगरीने 1897 साली राष्ट्रसभेचे अधिवेशन भरविले आणि दादासाहेब खापर्ड्यांसारखा वक्ता महाराष्ट्रास दिला, तेथील माणसास वादाचे वावडे असावे तरी कसे?

वादाचा विषय बहुधा एकच असे, तो म्हणजे जितेश शर्मा. हा यष्टिरक्षक-फलंदाज 1993 साली अमरावतीस जन्मला. आयपीएल नावाची जी व्यापारी स्पर्धा 2008 पासून दरसाल भरते, तीत प्रारंभी मुंबईच्या संघात त्याचे नाव होते. परंतु तेथे एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही. पुढे 2022 साली पंजाबच्या संघाने त्यास अवघ्या 20 लाखांत घेतले. नोव्हेंबर 2024 मध्ये अरबस्तानातील जेद्दा शहरी खेळाडूंचा मोठा लिलाव झाला, त्यात बंगळूरच्या संघाने त्याच्यावर 11 कोटी रुपये मोजले.

लिलाव हा शब्द ऐकताच आत्याबाईंनी कपाळाला आठी घातली. "माणसांचा का कोठे लिलाव होतो?" असे त्यांनी विचारले. त्यांचे समाधान तलाठीसाहेबांनी केले, आणि ते आमच्या मते कोणत्याही वर्तमानपत्रापेक्षा अधिक सुबोध होते. ते म्हणाले, "आत्याबाई, माणूस नाही विकत, त्याची मेहनत विकते. प्रत्येक मालकाजवळ ठरलेली रक्कम राह्यते. तेवढ्यात त्याले अख्खी टीम उभी करा लागते. एकावरच सारं उधळलं, तं बाकीच्याईले काय देईन?" जुन्या मालकास एक विशेष हक्क असतो, तोही त्यांनी कुळाच्या हक्काचा दाखला देऊन समजाविला. जमीन दुसऱ्यास जाऊ लागली तर आलेल्या किमतीस ती घेण्याचा पहिला मान जसा कुळाचा, तसा येथे पूर्वीच्या संघाचा. बंगळूरची बोली सात कोटींवर थांबली तेव्हा पंजाबने हा हक्क बजावला. परंतु नियमाप्रमाणे बंगळूरला एकवार बोली वाढविण्याची मुभा होती, तिने ती एकदम अकराकोटींवर नेली, आणि पंजाबने हात आखडला.

"काहून सोडला त्यायनं?" कापडवाल्या तरुणाचा हा प्रश्न वर्ष उलटून गेले तरी शिळा झाला नव्हता. त्याच्या बाजूने निकाल लागण्यासारखे पुढे घडलेही. 27 मे 2025 रोजी लखनौ येथे 228 धावांचे लक्ष्य असता त्या दिवसापुरते कर्णधारपद सांभाळणाऱ्या जितेशने 33 चेंडूंत नाबाद 85 धावा काढून सामना जिंकून दिला. आणि 3 जूनला अहमदाबादेस अंतिम सामन्यात बंगळूरने हरविले ते पंजाबलाच, तेही अवघ्या सहा धावांनी! राजापेठेत हा योगायोग कोणी मानावयास तयार नाही.

मात्र याच गोष्टीस दुसरी बाजू होती, आणि ती निघाली की दुकानात क्षणभर शांतता होई. 2025-26 च्या मोसमापासून जितेश विदर्भाचा संघ सोडून बडोद्याच्या संघाकडून खेळू लागला. बंगळूर दूर असले तरी ते दोन महिन्यांचे बिऱ्हाड. रणजी करंडकासाठी मात्र तो आपला, अशी येथील समजूत. ती समजूतच सुटली. कापडवाला तरुण म्हणाला, "भाऊ, पोट्ट्यानं आपल्या मेहनतीनं मिळवलं, त्याले जाऊ द्या नं." त्यावर मास्तर इतकेच बोलले, "जाऊ द्याच. पण आपण त्याले आपला म्हनाचं का नाही, ते सांग."

मास्तरांचा प्रश्न आम्हास खोल वाटला, म्हणून थोडे मागे जाऊन पाहू. गुणी गड्याने पोटासाठी वा संधीसाठी गाव सोडावे, ही रीत आयपीएलने पाडलेली नाही. कर्नल सी. के. नायडू 1895 साली नागपुरास जन्मले. पण त्यांचे नाव जोडले गेले ते इंदूरच्या होळकरांशी, आणि होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. विजय हजारे सांगलीचे. पण बडोद्याच्या संघाकडून 1946-47 च्या अंतिम सामन्यात गुल महंमदांसह त्यांनी केलेली 577 धावांची भागीदारी क्रिकेटच्या इतिहासात नमूद आहे. त्या काळी संस्थानिक नोकरी देत, मानमरातब देत. आज त्यांच्या जागी व्यापारी मंडळ्या आल्या आहेत, आणि आकड्यापुढील शून्ये वाढली आहेत. सांगलीकरांनी हजाऱ्यांस परके मानल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हे ऐकून मास्तर हसले, पण त्यांचे समाधान झाले असे दिसले नाही.

खेळाडू जातात हे खरे, तसे येतातही. प्रत्येक रणजी संघास बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. विदर्भाने या सवलतीचा जसा उपयोग केला तसा थोड्यांनीच केला असेल. मुंबईचे वसीम जाफर उतारवयात येथे आले आणि 2018-19 च्या एका मोसमात त्यांनी 1,037 धावा काढल्या. करुण नायर कर्नाटकातून आला; 2024-25 च्या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात त्याचे शतक झाले, आणि त्यानंतर तो आपल्या प्रांती परतला. त्याच अंतिम सामन्यात समोरच्या केरळच्या बाजूने 79 धावा काढून विदर्भास झुंजविणारा कोण? तर आदित्य सरवटे. 2019 च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे 11 गडी बाद करून विदर्भास करंडक मिळवून देणारा हाच डावखुरा गोलंदाज! "आपलाच भाला आपल्याच छातीवर" असे तलाठीसाहेब म्हणाले खरे. पण सरवटेच्या त्या खेळीचे वर्णन करताना त्यांचा आवाज इतका रंगला, की ऐकणाऱ्यास करंडक कोणी जिंकला याचा क्षणभर विसर पडावा.

करंडक विदर्भानेच जिंकला. सामना अनिर्णित राहिला, परंतु पहिल्या डावात 379 विरुद्ध 342 अशी आघाडी होती. येथे राखीव गड्यांचा प्रश्न येतो, आणि या प्रश्नावर समितीतील व्यायामशिक्षकाचे मत आम्हास सर्वांत विचारार्ह वाटले. विदर्भाचा संघ 1957-58 साली प्रथम रणजी करंडकात उतरला आणि त्यानंतर साठ वर्षे त्याने अंतिम सामना पाहिला नाही. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला, होळकरांच्याच नावाच्या मैदानावर, दिल्लीचा नऊ गड्यांनी पराभव करून तो पहिल्यांदा जिंकला. रजनीश गुरबाणीने त्या सामन्यात लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी टिपले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. पण त्याच अंतिम सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरे या कोवळ्या गोलंदाजास पहिल्यांदा संघात घेतले होते, हे स्मरणात ठेवणारे थोडे. त्याच मोसमात एकोणीस वर्षांखालील मुलांचा कूचबिहार करंडकही विदर्भाने जिंकला, आणि त्याच्या अंतिम सामन्यात अकोल्याच्याच अथर्व तायडेने 320 धावा काढल्या. म्हणजे वरचा मजला चढत असताना खालच्याची जोतीही भरून निघत होती. शिक्षकमहाशय म्हणाले, "अकरा चांगले गडी कोठूनही गोळा करता येतात. बारावा आणि तेरावा मात्र घरीच पिकवावा लागतो." 2024-25 मध्ये हर्ष दुबेने एका मोसमात 69 गडी बाद करून रणजीचा नवा विक्रम केला, यश राठोडने 960 धावा काढल्या. सरवटे गेला म्हणून जी जागा रिकामी दिसत होती ती अशी भरली.

पिकविण्याचे हे काम कोणी केले? नागपूरच्या अकादमीत माजी कसोटीपटू सुब्रतो बॅनर्जींनी वेगवान गोलंदाज घडविले. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव 2011 साली विदर्भातला पहिला कसोटीपटू झाला, त्यात त्यांचाही वाटा आहे. पहिले दोन करंडक जिंकले तेव्हा मार्गदर्शक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. त्यांच्या कडक शिस्तीच्या गोष्टी राजापेठेत अजून चघळल्या जातात. तिसऱ्या वेळी मात्र मार्गदर्शक होते विदर्भाच्याच संघातून पूर्वी खेळलेले उस्मान घनी. बाहेरचा कडक गुरू बरा की घरचा जाणता, यावर समितीत उघड तट आहेत. आमच्या मते पंडितांवाचून पहिले यश आले नसते. परंतु तिसरे यश अधिक मोलाचे आहे, कारण ते उसन्या शिस्तीवर उभे नव्हते.

गुरूचा विषय निघालाच होता, म्हणून शिक्षकमहाशयांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हास श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात येण्याचा आग्रह केला. अंबादासपंत वैद्य व त्यांचे बंधू अनंतराव यांनी 1914 साली उभारलेली ही संस्था अमरावतीचे खरे भूषण होय. हिच्याच खेळाडूंनी 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या प्रसंगी कबड्डी, मलखांब इत्यादी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. तालमी गावोगाव होत्या. परंतु तालमीतून तालीम देणारा तयार करावा, त्यास शास्त्रशुद्ध शिक्षण द्यावे व गावोगावच्या शाळांत पाठवावे, ही दृष्टी त्या काळी विरळा. आजही तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालते. वऱ्हाडच्या मुलांबरोबर दूर मणिपुराकडचे विद्यार्थीही तेथे दिसले.

वाटेत शिक्षकमहाशयांनी एक हिशेब सांगितला, तो आम्ही त्यांच्याच शब्दांत देतो. "क्रिकेटवाल्याची किंमत लिलावात कळते. आमच्यातला एखादा शिकून गडचिरोलीकडच्या शाळेत जातो, तीस वर्षांत तीनचार हजार पोरांच्या अंगात दम भरतो. त्याच्यासाठी कोणी बोली लावली काय?" त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण खासगी शाळांतून व्यायामशिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवण्यात येते, ही गोष्ट आमच्या पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसही अपरिचित नसावी. आपल्या घरातील मुलगा क्रिकेटच्या वर्गास जातो त्याची फी आपण बिनतक्रार भरतो; त्याच मुलाच्या शाळेत खेळाचे मास्तर आहेत की नाहीत, ही चौकशी किती वडीलधाऱ्यांनी केली आहे? आमच्याही पुतण्यांच्या शाळेची चौकशी परतल्यावर करावयाची, असे आम्ही तेथेच ठरविले.

तोपर्यंत समितीचा नवा वाद पेटला होता. 2026 च्या जागतिक स्पर्धेसाठी डिसेंबर 2025 मध्ये निवडलेल्या भारतीय संघातून जितेशचे नाव गळले, आणि राजापेठेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. तरुणाने निवडकर्त्यांस नावे ठेवली, तलाठीसाहेबांनी दोन यष्टिरक्षक घेतले असता तिसरा कोणत्या जागी खेळवावयाचा, हा बिनतोड प्रश्न केला. मास्तर म्हणाले, "बडोद्याचा तं बडोद्याचा, पण पोरगं अमरावतीचं वगळलं." त्यांनी आदल्या दिवशीच्या आपल्याच प्रश्नाचे उत्तर दिले होते, हे बहुधा त्यांच्या ध्यानात आले नसावे.

मंडळाच्या मैदानावर त्या सकाळी आठ-नऊ वर्षांची मुले मलखांबावर चढत होती. खांबास एरंडेल चोळलेले, थंडी बेताची. एक बारकेला मुलगा साधी अढी घालून उलटा झाला, आणि त्याचा पाय सुटू लागला. खाली उभ्या असलेल्या तरुण शिक्षकाने मुलास धरले नाही. त्याच्या कमरेपासून चार बोटांवर आपला तळहात तेवढा तसाच उघडा ठेवला. मुलाने दात आवळून अढी पुन्हा घट्ट केली. आत्याबाई ते सारे टक लावून पाहत होत्या. मुलगा खाली उतरल्यावर त्यांनी शिक्षकास जवळ बोलावून विचारले, "बाळ, तुझे गाव कोणते?"

"दर्यापूर तालुका, आत्याबाई," तो म्हणाला, आणि पुढच्या मुलाची पाळी आली म्हणून खांबाकडे वळला.