बिनकामाचं पाणी

बुलडाणा जिल्ह्यात पाण्याकडे कोणी नुसतं बघत बसत नाही. धरण दिसलं की माणूस विचारतो, किती टक्के भरलं? विहिरीत डोकावला तर पाणी किती परस खाली गेलं ते मोजतो. गावतळ्याशी थांबलाच तर सोबत गुरं असतात. आणि याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, लोणारला, सव्वा किलोमीटर रुंदीचं असं पाणी साठून आहे की जे पिता येत नाही, शेताला देता येत नाही, ज्यात मासा जगत नाही आणि ज्यात उतरून पोहावं असंही कोणाला वाटत नाही. त्याच्या काठाने चालावं, एवढंच माणसाच्या हाती उरतं. लोणारचं सगळं सुख या बिनकामाच्या असण्यात आहे, असं माझं मत होत चाललं आहे.

मी जातो ते मेहकरहून, सायकलने. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. पैनगंगा मागे पडली की दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोयाबीनचं धसकट, तूर आणि मधूनच कपाशी. हिवाळ्यात सकाळी निघावं. उन्हाळ्यात हा रस्ता माणसाचा नाही. गंमत म्हणजे लोणार गावात शिरेपर्यंत तळ्याची काडीमात्र खबर लागत नाही. डोंगर नाही, दरी नाही. विवराची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटरच उंच, तीही हळूहळू चढत गेलेली. दुरून शेताचा जरा मोठा बांध वाटावा. त्या बांधावर पोचलो की पुढची जमीनच गायब होते. जवळजवळ दोन किलोमीटर व्यासाचा खळगा, तळाशी हिरवट पाणी, आणि आपण उभे त्याच्यावर सव्वाशे-दीडशे मीटर. फोटोत हे कधीच नीट येत नाही. फोटोत ते गोल दिसतं, खोल दिसत नाही.

सायकल वरच ठेवावी लागते. धारेजवळच्या नारळ-प्रसादाच्या दुकानापाशी मी ती लावतो. दुकानातल्या मावशी दर वेळी एकच सूचना देतात, "पिशवी हातात नेऊ नका भाऊ, पाठीला लावा. वांदरं हिसकून नेतेत." आणि खरंच नेतात. पायऱ्यांच्या पहिल्याच वळणावर काळ्या तोंडाची वानरं ठाण मांडून असतात. माणसाकडे न बघता ती नेमकी त्याच्या पिशवीकडे बघतात.

धार म्हणजे गोमुखातून पडणारा बारमाही झरा. विवराच्या कडेतूनच तो फुटतो. देवदर्शनाला आलेली माणसं त्याखाली उभी राहून अंघोळ करतात. बाया ओल्या लुगड्यांनी पायऱ्या चढतात, पोरं थंडीने कुडकुडत ओरडतात. हे पाणी गोड, पिण्याजोगं. तेच पुढे ओघळत खाली जातं आणि तळ्याला मिळालं की कोणाच्या कामाचं राहत नाही. सीतान्हाणी, रामगया इथलंही पाणी असंच आत येतं. बाहेर पडायला मात्र एकही वाट नाही. हजारो पावसाळ्यांचं पाणी आत आलं, उन्हाने उडून गेलं, आणि त्याच्यासोबत आलेले क्षार मागे साचत राहिले. तळं खारट आणि अल्कधर्मी होण्याचं मोठं कारण हेच. पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो.

पायवाट उतरताना आधी वारा थांबतो. वर कान गार पडलेले असतात, खाली शंभर पावलांत स्वेटर नकोसा होतो. एका बाजूला बेसाल्टचे थर उघडे पडलेले. हे दख्खनच्या लाव्ह्याचे थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, एकावर एक निजलेले. कडेजवळ मात्र ते वर उचललेले, काही जागी उलटलेलेही दिसतात. जमिनीखालून नुसता वाफेचा स्फोट होऊन असा खळगा पडला, असं एके काळी भूशास्त्रज्ञ मानत. पण १९७३ मध्ये इथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली आणि उल्केच्या बाजूने निकाल लागला. कधी पडली यावर मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने मोजलं तर बावन्न हजार वर्षं, दुसरीने पावणेसहा लाख. दोन्ही आकडे एवढे मोठे की पायऱ्या उतरणाऱ्या माणसाला त्यातला फरक जाणवायचं काही कारण नाही.

गावाची गोष्ट याहून सुटसुटीत आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली बीळ करून राहत होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या बिळाचं झाकण उडवलं, ते कित्येक कोसांवर ढाकेफळच्या टेकडीवर जाऊन पडलं आणि दैत्य मारला गेला. पाणी म्हणजे त्याचं रक्त, खार म्हणजे त्याचं मांस. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात तो विष्णू लवणासुरावर उभा आहे. मला या कथेतलं ते झाकण फार आवडतं. खळग्यातला दगड उडून दूर जाऊन पडला, हे कथा रचणाऱ्याने विवराकडे बघूनच ओळखलं असणार. विवरातून उडालेला मालमसाला आजही कडेपासून किलोमीटरभर पसरलेला आहे. भूशास्त्र शिकायला आलेली मुलं हातोड्या घेऊन त्यावरच फिरत असतात, कारण चंद्रावर आणि मंगळावर बेसाल्टमध्ये असली विवरं पुष्कळ आहेत आणि पृथ्वीवर तशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

तळाशी पोचलो की झाडी बदलते. जुन्या गॅझेटियरात तळ्याभोवतीच्या झाडांची कडी सांगितली आहेत: आधी शिंदी, मग चिंच, मग बाभूळ आणि शेवटी नुसता उघडा चिखल. आता ती कडी तितकी नीट राहिलेली नाहीत, वेडी बाभूळ मध्ये घुसली आहे आणि वनखात्याचा तिच्याशी झगडा चालूच असतो. पण शेवटचं कडं तसंच आहे. त्या पट्ट्यात गवताची काडी उगवत नाही. वर पांढरी पापडी, खाली काळाभोर, तेलकट चिखल. पाय घातला की पिचकतो आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. नव्या माणसाला तो झोंबतो. दहा मिनिटांनी नाकाला सवय होते आणि मग परत वर गेल्यावरच हवेत काहीतरी कमी असल्यासारखं वाटतं.

या काठावर वाटाडे एक खेळ करून दाखवतात. खिशातून कागदाची पुडी काढायची, तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायचं आणि त्यात चिमूटभर हळद टाकायची. हळद क्षणात लाल होते, गडद, कुंकवासारखी. खरं तर कुंकूच. हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यातही हेच घडतं. मी कितीदा पाहिलं असेल, पण हळद पडण्याआधी अजूनही थांबतो. बोटं धुतली तरी नखांच्या कडा लालसर राहतात, आणि पाण्याने हात बुळबुळीत होतात, साबण नीट धुतला न गेल्यासारखे.

साबणाचा संबंध खराच आहे. हे पाणी नेहमीच बिनकामाचं नव्हतं. उन्हाळ्यात तळं आटलं की काठचा खार गोळा करायचा, वाळवायचा, प्रतीप्रमाणे वेगळा करायचा; डल्ला, पापडी, भुसकी अशी त्याची नावं. साबणाला, काचेला, रंगकामाला तो जाई. आइन-ए-अकबरीत लोणारच्या खाराची नोंद आहे आणि १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी इथे आला तोवर हा धंदा जुना झालेला होता. पुढे कारखान्यात सोडा स्वस्तात होऊ लागला आणि इथली गरज संपली. विवराच्या आत केळीच्या बागाही होत्या, झऱ्यांच्या गोड पाण्यावर पिकणाऱ्या. अभयारण्य झाल्यावर त्याही गेल्या. म्हणजे माणसाने आपले सगळे हिशेब करून पाहिले आणि मग हे पाणी सोडून दिलं.

सोडून दिल्यावर काय झालं ते काठाने चालताना कळतं. टिबुकल्या पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येतात. शेकाट्या लांब लाल पायांवर चिखल चाळत फिरतात. झाडीत मोर ओरडतो आणि तो आवाज विवराच्या भिंतीवर आपटून परत येतो, त्यामुळे एक मोर असला तरी चार वाटतात. पायवाट कधी पाण्याच्या हातभर अंतरावर, कधी सीताफळीच्या जाळीतून, मध्येच एखादं पडकं देऊळ, छत गेलेलं, खांबांवर कोरीव काम जसंच्या तसं. आत वटवाघळं. अशी देवळं काठाने कितीतरी आहेत. अमुकच बघायला यावं असं काही नाही, समोर येईल तिथे टेकावं.

कमळजा देवीचं मंदिर मात्र अजून नांदतं आहे. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. समोर दीपमाळ, जवळच सासू-सुनेची विहीर; एका बाजूचं पाणी गोड, एका बाजूचं खारट, असं सांगतात. कोणती बाजू सासूची, हे मी विचारलं तेव्हा तिथल्या दोन बायांनी एकमेकींकडे बघून दोन वेगळ्या बाजू दाखवल्या.

अलीकडे या मंदिरापर्यंत पोचणंच कठीण होत चाललं आहे. २००६ च्या सुमारास तळं इतकं आटलं होतं की तळाचे मिठाचे खडे चमकत होते. २०२० च्या जूनमध्ये पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि तळं चक्क गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. आणि आता नेमकं उलट, पाणी चढतं आहे. कमळजेच्या मंदिरात ते शिरलं, काठची पायवाट जागोजागी बुडाली. गोड पाणी जास्त झालं तर खारं तळं खारं राहील का, याची काळजी अभ्यासकांना आहे. पुरी प्रदक्षिणा आता होत नाही. जिथे वाट पाण्यात जाते तिथून परतायचं.

मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही, पण त्याहून धास्ती वेगळीच आहे. आपल्याकडे तळं म्हटलं की पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, काठावर इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव आणि त्यापुढे फोटो काढणारी रांग, असा एक साचाच झाला आहे. शहरातल्या तळ्याला तो शोभतही असेल; सकाळी हजार माणसं चालतात, त्यांना सपाट रस्ता हवाच. इथे मात्र पाय घसरतो, काटा लागतो, वास येतो, मोबाइलची रेंज मध्येच जाते, म्हणून चालणं चालण्यासारखं होतं. काटे तोडून वाट मोकळी ठेवणं, खाली प्लास्टिक जाऊ न देणं, एवढं केलं तरी पुष्कळ.

वर चढून आलो की दम लागलेला असतो. दुकानात कटिंग आणि गरम भजी, मग सायकल. कडेकडेने सहाएक किलोमीटरचा फेरा होतो; काही ठिकाणी कच्चा रस्ता, काही ठिकाणी नुसती गुरांची वाट, तिथे उतरून ढकलायची. एका हाताला विवर, दुसऱ्या हाताला तूर. खाली तासभर लागलेलं अंतर वरून एका नजरेत दिसतं, आणि जिथून परतावं लागलं ती जागाही.

फेऱ्याशिवाय थोडं बाजूला गेलं की अंबर तळं लागतं, धाकटं लोणार. मुख्य उल्केचाच तुकडा पडून ते झालं, असं काही अभ्यासक म्हणतात. काहींना ते मान्य नाही. तिथे आडवा मारुती आहे, शेंदराने माखलेला, आणि त्याच्या दगडात चुंबकत्व आहे अशी ख्याती. मागच्या वेळी देवळाबाहेर एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा दोरीला चुंबक बांधून बसला होता. दहा रुपये घेऊन त्याने काळ्या मातीवरून चुंबक फिरवला. बारीक कण त्याला मिशांसारखे उभे चिकटले. मग त्याने तो माझ्या सायकलच्या दांडीला लावला. चिकटला नाही. पुन्हा लावला, घसरून पडला. त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं.

"भाऊ, तुमची सायकल नकली हाय. लोखंडच नाही तिच्यात."

ॲल्युमिनियम वगैरे समजावण्याच्या फंदात न पडता मी साखळीकडे बोट दाखवलं. खटकन चिकटला.

"मंग अर्धी खरी हाय," तो म्हणाला, आणि चुंबक साखळीवरून ओढून काढता काढता त्याची बोटं वंगणाने काळी झाली.