धान दादाजींचं, मालकी कुणाची?

मागच्या रविवारी आमच्या चंद्रपूरच्या अभ्यासवर्गात बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक मुलगी सिंथेटिक बायॉलॉजीवर बोलली. जनुकांची अक्षरं संगणकावर लिहायची, प्रयोगशाळेत जुळवायची, यीस्टच्या पेशीत बसवायची आणि त्या पेशीकडून हवं ते बनवून घ्यायचं, इतक्या सोप्या शब्दांत तिने सांगितलं. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच आला: ही निसर्गात ढवळाढवळ नाही का?

मित्रांनो, आम्हाला या प्रश्नाचीच धास्ती वाटते. जन्माने ठरलेलं बदलायचं नसतं, हेच सांगून आपल्या पिढ्यांना पाणवठ्यापासून लांब ठेवलं गेलं. गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली होती. दोष यंत्रात नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेत आहे, अशी त्यांची मांडणी होती. यीस्टलाही आम्ही तोच निकष लावतो.

गडचिरोलीत मलेरिया हा पुस्तकातला रोग नाही. त्यावरच्या आर्टेमिसिनिनचा कच्चा माल यीस्टकडून बनवून घ्यायचं तंत्र अमेरिकेत बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी उभं केलं आणि 2013 पासून सानोफी कंपनीने त्याचं मोठं उत्पादन सुरू केलं. हेतू चांगलाच होता. पण हेच औषध ज्या झाडापासून मिळतं, ते आशिया-आफ्रिकेतले छोटे शेतकरी पिकवतात. त्यांचं काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. पुढे शेतातल्या मालाचा भाव उतरला, यीस्टचं महाग ठरलं आणि कंपनीने तो कारखाना विकून टाकला.

पण आमच्या जिल्ह्याला इतकं लांब जायची गरज नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. दलित शेतकरी, जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे धनी. 1983 मध्ये ‘पटेल 3’ धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरून निवडल्या आणि ‘एचएमटी’ जन्माला आला. नाव घड्याळावरून पडलं. पुढे कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ बाजारात आणला. आम्ही बियाणं शुद्ध केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. दादाजींना सत्कार मिळाले, पुरस्कार मिळाले. बियाण्याच्या धंद्यातला वाटा मिळाला नाही. 3 जून 2018 रोजी ते गेले, तेव्हा कुटुंब हलाखीतच होतं.

तेव्हा निदान बियाणं तरी हातात घेऊन न्यावं लागत होतं. आता जनुकांचा क्रम वाचून संगणकात ठेवला की मूठभर धानही लागत नाही. क्रम इथला, पेशी परदेशातली, पेटंट तिसऱ्याचं. आपला 2002 चा जैवविविधता कायदा लाभातल्या वाट्याची भाषा करतो खरा, पण तो लिहिला गेला वनस्पती आणि बियाणं डोळ्यांपुढे ठेवून. अशा माहितीच्या मोबदल्यासाठी 2024 च्या जागतिक परिषदेत, कोलंबियातल्या काली शहरात, निधी ठरला. निम्मा तरी पैसा आदिवासी आणि स्थानिक समाजांसाठी, असंही ठरलं. कंपन्यांनी भरायचा मात्र ऐच्छिक! ऐच्छिक न्यायाचा आपला अनुभव जुना आहे.

मे 2025 मध्ये देशात जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. काटेकोरपणे ही सिंथेटिक बायॉलॉजी नव्हे, तिची सख्खी शेजारीण. बाहेरचं जनुक न घातलेल्या अशा वनस्पतींना केंद्राने 2022 मध्येच जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली होती. वाण सरकारी संस्थांचे आहेत, ही चांगली गोष्ट. पण कात्रीचं पेटंट कुणाकडे? आणि झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं?

विचारायची रीत इथे आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात आधी अभ्यासगट बसतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं हे गाव. विद्यापीठांत नीतिमत्तेचे तास होतात, ते व्हावेतच. पण ज्याच्या बांधीतलं बी आहे तो त्या वर्गात नसतो.

वर्ग संपताना त्या मुलीने विचारलं, “मग मी या क्षेत्रात जाऊ की नको?” तिचे आईवडील नागभीडकडे रोवणीच्या मजुरीला जातात. सगळे एकदम म्हणाले, “जा!” आपली माणसं प्रयोगशाळेत नसतील, तर हा हिशेब मागणार कोण?

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही पाहून यायचं ठरलंय. आमच्यातल्या कुणीही ती आजवर पाहिलेली नाही.