रिटायर झालात? मग वाचन बंद!

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. पेन्शनची फाईल सुटायला सहा महिने लागले, कॉलेजचा ईमेल मात्र पंधरा दिवसांत बंद! त्याबरोबर एन-लिस्टचं लॉगिनही गेलं. तीस वर्षं इतिहास शिकवला. आठवडी बाजारांवरचं माझं काम नोकरीत वेळ मिळाला नाही म्हणून राहिलं होतं. आता वेळच वेळ आहे, पण लेख उघडत नाहीत. एकेका लेखाला तीस-चाळीस डॉलर मागतात.

ग्रंथपाल मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "सर, यादीत फक्त सेवेतले प्राध्यापक आणि चालू वर्षाचे विद्यार्थी." त्यांचा काही दोष नाही. छापील पुस्तक विकत घेतलं की ते कुणाला द्यायचं हे कॉलेज ठरवतं. ऑनलाइन नियतकालिकाची वर्गणी म्हणजे नुसतं भाडं. वाचक कोण, हे करारात लिहिलेलं असतं.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. ३ वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. पैसा करातला (पेन्शनरही कर भरतो हो!). नावात अख्खं 'नेशन' आहे, पण वाट सरकारी संस्थेतूनच जाते. 'शोधगंगा'वरचे प्रबंध सर्वांना खुले आहेत, तेवढाच आधार.

"एखाद्या विद्यार्थ्याचा पासवर्ड घ्या की," असं काही जण सुचवतात. नको. गैरवापर दिसला तर प्रकाशक अख्ख्या कॉलेजचं वाचन थांबवू शकतो. माझ्यापायी पोरांचं नुकसान कशाला?

मार्ग आहे. ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्याला तिथल्या संगणकावर वाचू द्यायची मुभा बऱ्याच परवान्यांत असते, त्याला 'वॉक-इन युजर' म्हणतात. आपल्या विद्यापीठाने करार तपासावेत आणि जिथे मुभा आहे तिथे निवृत्तांसाठी एक टेबल, एक संगणक द्यावा. खर्च जवळजवळ शून्य. अर्थात गुडघे दुखणाऱ्याने दोन एसट्या बदलून यायचं ही काही खरी सोय नव्हे. म्हणून दुसरी मागणी: वन नेशनचा हा टप्पा २०२७ अखेर संपतोय, पुढच्या करारात 'निवृत्त शिक्षक' हे दोन शब्द घालावेत. आत्ता बोललो नाही तर पुन्हा काही वर्षं गेली.

सोमवारी कुलगुरूंना अर्ज देतोय. सही करणाऱ्यांनी नाव, विषय आणि निवृत्तीचं वर्ष रविवार संध्याकाळपर्यंत कळवा. सेवेतल्यांच्या सह्याही चालतील, तेही रिटायर होणारच आहेत.