कायम होणें

मराठी मध्यमवर्गाच्या कोशांत 'कायम' ह्या शब्दाइतका वजनदार शब्द क्वचितच सांपडेल. आमच्या बालपणीं वर्ध्यास एखादा शिक्षक किंवा कारकून कायम झाला, म्हणजे त्याच्या घरून पेढे वांटले जात. आणि मुलीचा बाप स्थळ पाहावयास निघाला, म्हणजे पगाराच्या आंकड्याआधीं 'नोकरी कायम आहे ना?' असें विचारी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा शब्द समुद्रापार गेला आहे. 'तुमचा मुलगा अमेरिकेंत असतो ना? मग त्याचं कायम झालं का?' हा प्रश्न आतां आर्वीच्या लग्नमंडपांत, हिंगणघाटच्या कापूसबाजारांत आणि आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षांत सारख्याच सहजतेनें विचारला जातो. 'ग्रीन कार्ड' हा शब्द ज्यांना पाठ आहे, तीं माणसेंही 'कायम' असेंच म्हणतात. कारण त्यांच्या मनांत असतें तें कार्ड नव्हे, तर काळजी मिटणें.

ही काळजी कशी मिटते, किंवा पुष्कळदां कशी मिटत नाहीं, ह्याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर दरवर्षीं येतो. आम्ही इंग्रजी शिकवितों. तेव्हां परदेशच्या विद्यापीठांकडे जावयाचीं पत्रें लिहून वा तपासून देण्याचें काम ओघानेंच आमच्याकडे आलें आहे. पत्रांच्या मागोमाग पालक येतात. शुल्क, कर्जाचें व्याज, तिकडची थंडी, जेवणाखाण्याचे हाल हे सर्व विषय चहाबरोबर संपतात, आणि मग पायांत चपला सरकवतां सरकवतां खरा प्रश्न निघतो : "सर, तिकडे कायम व्हायला किती वर्षं लागतात?"

ह्याचें उत्तर देशागणिक निराळें आहे, आणि एकाच देशांतही तें स्थिर राहत नाहीं. इंग्लंडनें पदवीनंतर नोकरीसाठीं थांबण्याची सवलत २०१२ सालीं काढून घेतली. २०२१ सालीं ती दोन वर्षांसाठीं पुन्हां दिली. आणि २०२५ सालीं ती अठरा महिन्यांवर आणण्याचें ठरविलें. कॅनडांत पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत नोकरीचा परवाना मिळतो, आणि २०१५ पासून वय, शिक्षण, भाषा व अनुभव ह्यांना गुण देऊन कायम रहिवाशांची निवड होते. पण त्याच कॅनडानें २०२४ सालीं परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवरच मर्यादा घातली. जर्मनींत पदवीधराला नोकरी शोधण्यास अठरा महिने मिळतात, आणि तेथील भाषा आत्मसात् करून दोन वर्षें नोकरी केली, म्हणजे कायम वास्तव्याचा अर्ज करतां येतो. परंतु आमच्याकडील पुष्कळांचा ओढा अमेरिकेकडेच. २०२३-२४ ह्या वर्षीं तेथें ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, आणि चिनी विद्यार्थ्यांनाही त्यांनीं संख्येंत मागें टाकलें होतें. तेव्हां अमेरिकेची वाटच जरा बारकाईनें पाहूं.

ह्या वाटेच्या पहिल्याच पायरीवर एक चमत्कारिक नाटक आहे. व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्यानें अर्जदार कायमचा राहावयासच येत आहे असें धरून चालावें, आणि तसें नाहीं हें अर्जदारानें पटवून द्यावें, असा तेथील १९५२ च्या कायद्याचा दंडक आहे. म्हणून सेलूचा किंवा देवळीचा मुलगा मुंबईच्या वकिलातींत उभा राहून सांगतो, कीं माझें घर, माझें शेत, माझे आईवडील सारें इकडे आहे; मी शिकून परत येणार. शेताचा सातबारा फायलींत असतो. त्याच शेतावर कर्ज काढलेलें असतें, आणि त्या कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब डॉलरच्या पगारावर मांडलेला असतो! मुलगा खोटें बोलतो असें आम्ही म्हणणार नाहीं. अठराव्या काय, बाविसाव्या वर्षींही आपण कोठें राहणार हें कोणाला ठाऊक असतें? कॅनडाच्या कायद्यानें तर शिकण्याचा आणि राहण्याचा असा दुहेरी हेतु असूं शकतो हें उघड मान्य केलें आहे. पण घरांत जें बोललें जात नाहीं आणि खिडकीपाशीं जें बोलावें लागतें, त्या दोहोंच्या मध्यें एक प्रश्न अनुत्तरित राहून जातो : आपल्याला खरोखर काय हवें आहे?

पुढची वाट अशी. पदवी मिळाल्यावर बारा महिने अनुभवासाठीं नोकरी करतां येते. विषय शास्त्र, अभियांत्रिकी किंवा गणित असेल, तर आणखी चोवीस महिने. तेवढ्या अवधींत मालकानें 'एच-१बी' परवान्यासाठीं त्याचें नांव घालावयाचें. हे परवाने वर्षाला ६५,०००, आणि तेथेंच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठीं आणखी २०,०००. मागणी त्याहून फार मोठी. म्हणून चिठ्ठ्या काढण्याची पद्धति पडली. चिठ्ठी निघाली, तर सामान्यतः सहा वर्षें. त्या काळांत मालकानें पुन्हां कायम वास्तव्याचा अर्ज करावयाचा. परदेशांतून नव्यानें आणावयाच्या माणसाच्या परवान्यावर सप्टेंबर २०२५ मध्यें एक लाख डॉलरांचा आकार बसविण्यांत आला. एकदां देश सोडून घरीं परतलेल्या मुलाला कोणी पुन्हां बोलावील, ही आशाही त्यामुळें महाग झाली आहे.

पण खरी रांग लागते ती ह्यानंतर. १९९० च्या कायद्यानें नोकरीच्या आधारें कायम होणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारें १,४०,००० ठरविली. तींत त्यांच्या बायकामुलांचीही गणना होते. ह्यांपैकीं कोणत्याही एका देशांत जन्मलेल्यांना शेंकडा सातांहून अधिक वांटा सहसा मिळावयाचा नाहीं. लक्ष्यांत घ्यावयाचें तें हें, कीं येथें विद्या पाहिली जात नाहीं, नागरिकत्वही पाहिलें जात नाहीं. जन्मस्थान पाहिलें जातें. एकाच वर्गांत, एकाच बांकावर बसून पदवी घेतलेल्या दोघांपैकीं आइसलंडमध्यें जन्मलेला मुलगा थोडक्या काळांत कायम होईल, आणि वर्ध्याच्या सूतिकागृहांत जन्मलेल्याला दशकें मोजावीं लागतील. कारण आइसलंडची मर्यादा आणि एकशें चाळीस कोटींच्या भारताची मर्यादा एकच.

हा उघड अन्याय आहे असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु ह्या नियमाचा इतिहास पाहिला, म्हणजे मन थोडें विचारांत पडतें. १९१७ च्या कायद्यानें अमेरिकेनें हिंदी माणसाला दारच बंद केलें होतें. १९२३ सालीं भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारलें. १९४६ सालीं दार किलकिलें झालें, तें वर्षाला शंभर माणसांपुरतें. अखेर १९६५ सालीं वंश आणि राष्ट्र पाहून केलेला हा भेद मोडण्यासाठींच सर्व देशांना सारखा नियम लावण्याचें तत्त्व आलें. म्हणजे आज जी विषमता आपणांस टोंचते, ती समतेच्याच पोटीं जन्मली आहे! सर्वांना सारखीच वाटी दिली, म्हणजे न्याय झाला असें वाढणाऱ्याला वाटतें. पंगतींत किती जण बसले आहेत, हें त्यानें पाहिलेलें नसतें. शिवाय, आपल्या देशांत बाहेरच्या माणसाला नागरिक व्हावयाचें तर सुमारें बारा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, हेंही तक्रार करतांना विसरूं नये.

आमचा एक जुना विद्यार्थी त्या रांगेंत पंधरा वर्षें आहे. हुशार, मनमिळाऊ मुलगा. तेथें त्याचें घर झालें, दोन मुलें झालीं. मुलें तेथेंच जन्मलीं, म्हणून जन्मतःच तेथील नागरिक. बाप मात्र परवान्यावर. दोन वर्षांपूर्वीं त्याचे वडील अंथरुणाला खिळले. यावें, तर परत जातांना व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागणार. त्याची तारीख मिळेल कीं नाहीं आणि तोंवर नोकरी टिकेल कीं नाहीं, ह्याची शाश्वति नव्हती. तो येऊं शकला नाहीं. अंत्यविधि त्यानें दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिला. फोन धरून उभें राहण्याचें काम शेजारच्या मुलानें केलें. तेराव्यानंतर त्याच्या आईनें आम्हांस एवढेंच सांगितलें, "पैशाची कमी त्यानं कधी पडू दिली नाही हो." ह्या वाक्यांत तक्रार नव्हती, आणि म्हणूनच तें ऐकवेना.

ह्या दूरच्या रांगेचा आणि आमच्या गांवाचा संबंध तसा जुना आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्ध्याचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते देशाबाहेर पडले, अमेरिकेंत शेतकीचें शिक्षण घेतलें आणि गदर चळवळींत शिरले. त्यांना तिकडे कायम व्हावयाचें नव्हतें. पण ब्रिटिश सरकारच्या काळ्या यादीनें त्यांची परतीची वाटच बंद केली. १९२४ पासून मेक्सिकोंत राहून चापिंगोच्या शेतकी विद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें, मक्यावर संशोधन केलें, शेतकऱ्यांसाठीं शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते परतले, आणि १९६७ सालीं नागपुरास वारले. चापिंगोस २०२२ सालीं त्यांचा पुतळा उभा राहिला. उलट जे. सी. कुमारप्पा मूळचे तंजावरचे. सिरॅक्यूज आणि कोलंबिया येथें शिकून ते १९२९ सालीं स्वदेशीं आले, आणि १९३४ पासून आमच्या मगनवाडींत ग्रामोद्योग संघाचें काम करूं लागले. एकाला परत येतां आलें नाहीं, दुसरा आपण होऊन आला. दोघांची विद्या वायां गेली असें कोण म्हणेल? ती जेथें राबली, तेथें रुजली. दोघांनाही आपल्याला काय करावयाचें आहे हें ठाऊक होतें. आणि तें ज्याला ठाऊक आहे, त्याला परवान्याची रांग फार तर उशीर करवूं शकते.

म्हणून आतां चपला घालणाऱ्या पालकांना आम्ही पुन्हां बसवून घेतों. जाऊं नये, असें आम्ही सांगत नाहीं. ज्यानें आयुष्यभर परकी भाषा शिकवून पोट भरलें, त्यानें तें सांगूंही नये. आम्ही एवढेंच म्हणतों, कीं शुल्काच्या आणि व्याजाच्या हिशेबांत वर्षांचाही रकाना घाला. चिठ्ठी निघाली नाहीं तर काय, हें मुलगा किंवा मुलगी निघण्याआधींच एकत्र बसून बोला. कितव्या वर्षापर्यंत वाट पाहावयाची, तेंही ठरवा. परदेशीं स्थायिक झालेल्याला वडिलांचें शेत वारसानें मिळेल, पण बांधापलीकडचा तुकडा विकत घेतां येणार नाहीं, हें आजच कानांवर असूं द्या. आणि तिकडचें नागरिकत्व घेतलें कीं इकडचें आपोआप जातें. कायम रहिवासी होईपर्यंत मात्र जात नाहीं, हा भेद नीट समजून घ्या.

एक गोष्ट पालकांच्याही हातीं नाहीं. ती आपणां सर्वांच्या हातीं आहे. परदेशाहून आलेल्या मुलाबद्दल आमच्या गांवांत 'परत आला' हे शब्द ज्या सुरांत उच्चारले जातात, तो सूर नापास झालेल्या मुलाविषयीं बोलण्याचा असतो. त्या सुराच्या भयानें कितीतरी मुलें रांगेंत उभीं आहेत. तिकडचा कायदा त्यांना जितका अडवितो, तितकाच आपला शेजार. 'राहिला' आणि 'परत आला' हे दोन्ही शब्द ज्या दिवशीं आपण एकाच सुरांत उच्चारूं लागूं, त्या दिवशीं ह्या मुलांपैकीं कित्येकांची काळजी कार्ड न मिळतांच मिटेल.