अण्णांचा पाय

आमच्या घराण्यात पायाची धास्ती जुनी आहे. वडिलांचा उजवा पाय १९७१ साली गुडघ्याखालून काढावा लागला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पुढली अकरा वर्षे त्यांच्या कुबड्यांचा टकटक आवाज ऐकतच आम्ही भावंडे वाढलो. त्यामुळे गेल्या श्रावणात अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या, डाव्या पायाची करंगळी काळी पडली, तेव्हा कोणी काही न बोलताच सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहिले.

अण्णांचे आयुष्य तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत लेथपाशी उभे राहण्यात गेले. आधी नोकरी, मग दोन यंत्रांचा स्वतःचा लहानसा कारखाना. मधुमेह वीस वर्षांचा आणि विडी त्याहून जुनी. वर्षभरापासून शेडपासून फाटकापर्यंत चालले की पोटरीत गोळा येई; दोन मिनिटे थांबले की उतरे. याला ते 'वय' म्हणत. वास्तविक पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे हे ठळक लक्षण. पण ते आम्हांला फार उशिरा कळले. (पाऊल गार लागते, असे वहिनी पहिल्यापासून सांगत होत्या. त्यांचे ऐकतो कोण?)

पहिल्या डॉक्टरांनी पावलाची नाडी न पाहताच मलमपट्टी केली. त्यात तीन आठवडे गेले. दुसऱ्यांनी गुडघ्याखालून पाय काढण्याचा सल्ला दिला. घरी आल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, "अप्पांसारखं नको."

तिसरे डॉक्टर रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद. त्यांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून ताडून पाहिला. निरोगी माणसात दोन्ही जवळपास सारखे असतात. अण्णांच्या घोट्याचा निम्म्याहून कमी भरला. डॉप्लर तपासणीत अडथळा मांडीतल्या रोहिणीत दिसला. "आधी तारेनं वाट काढून पाहू," ते म्हणाले.

उजव्या जांघेत तेवढ्यापुरती भूल देऊन सुई टोचली. सुईतून बारीक तार आत सरकविली, सुई काढून घेतली आणि तारेवरून नळी घातली. ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांची, १९५३ सालची. पोटातून वळसा घेत तार डाव्या मांडीत उतरली. क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडून अडथळा पडद्यावर पाहिला, आणि नेमका तेथे नळीच्या टोकाचा इवलासा फुगा फुगविला. अण्णा सारा वेळ शुद्धीवर होते. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न त्यांनी डॉक्टरांना केला तो, तार कोणत्या धातूची, हा!

डॉक्टर हसले आणि त्यांनी चार्ल्स डॉटर यांची हकीगत सांगितली. अमेरिकेतील पोर्टलँड येथे १६ जानेवारी १९६४ रोजी ब्याऐंशी वर्षांच्या एका बाईंवर त्यांनी हा उपचार प्रथम केला. बोटे सडत होती, पण बाई पाय कापू देईनात. तेव्हा फुगा नव्हता. एकीवर एक अशा जाड होत जाणाऱ्या नळ्या सारून त्यांनी वाट रुंदावली. पाय वाचला. हे डॉटर गिटारच्या तारांपासून आणि मोटारीच्या स्पीडोमीटरच्या केबलपासून आपली साधने तयार करीत, हे ऐकून अण्णांचा चेहरा असा खुलला की, एखादा जुना सहकारी भेटावा! फुग्याची सुधारणा पुढे ग्रुंट्झिग यांनी केली आणि १९७७ साली झुरिचला ती हृदयाच्या रोहिणीपर्यंत नेली. हृदयाची अँजिओप्लास्टी आज घरोघर ठाऊक आहे. तिचा उगम पायात आहे, हे मात्र मला त्या दिवशी कळले.

त्या संध्याकाळी वहिनींनी पावलावर हात ठेवला आणि त्या रडू लागल्या. पाऊल ऊबदार लागत होते.

करंगळी गेलीच, मेलेले मांस रक्त पोहोचले म्हणून जिवंत होत नाही. पण तिची जखम दोन महिन्यांत भरून आली. प्रत्येकाच्या पायाला हा उपाय चालतो असेही नाही, आणि उघडलेली वाट पुन्हा अरुंद होऊ शकते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. विडी सुटली, तिच्याबरोबर अण्णांचा गोड स्वभावही काही दिवस सुटला होता, पण ते वहिनींनी सोसले.

परवा मी तारिहाळला गेलो होतो. अण्णा शेडपासून फाटकापर्यंत न थांबता आले. परतताना मात्र मध्येच उभे राहिले. माझ्या पोटात धस्स झाले. "पाय दुखतो का?" मी विचारले.

"छे रे. शेजारच्या शेडमधल्या लेथचा आवाज ऐक. बेअरिंग गेलंय त्याचं."